माझ्या फोनवर धाकटा पहिला

सूनबाई,

कीर्तनाला चाललोय. फोन मुद्दाम फ्रिजवर ठेवलाय, विसरलेलो नाही.

काल तू म्हणालीस, "बाबा, माझ्या फोनवर प्लंबर शोधला की यादीत तुमचंच नाव वर येतं. तुम्ही रोज काकांचीच वेबसाइट उघडता, म्हणून तुमच्या फोनला वाटतं, तुम्हाला तेच हवेत, आणि तो त्यांना वर दाखवतो." तेव्हापासून घास गोड लागत नाहीये. धाकट्या भावाला पाना धरायला मी शिकवलं, आणि आता मीच त्याला माझ्या डोक्यावर बसवलं! देवाचा एवढा ध्यास घेतला असता, तर एव्हाना तो तरी दारात उभा राहिला असता.

असो. आपल्या वेबसाइटवर आपण कुठल्या कुठल्या भागात जातो ते लिही. शाळेत आपण बसवलेल्या नव्या नळांचे फोटो टाक. समोरच्या डॉक्टरीणबाईंना दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सांग, त्यांचं गळकं बेसिन मीच नीट केलंय. धाकट्याबद्दल कुणाला वाकडं लिहायला सांगू नकोस हं, कामाला चोख आहे मेला.

आजपासून मी त्याची वेबसाइट उघडणार नाही. तू मात्र तुझ्या फोनवर रोज एकदा बघत जा, त्याला नवा अभिप्राय आलाय का. आला असेल तर जेवण झाल्यावर सांग, आधी नको.

– बाबा