सातव्या महिन्यातलं ग्रहण

प्रिय आये,

काल परळला सोनोग्राफी झाली. पाचवा महिना चालू आहे मला. डॉक्टरबाईंनी एकाच जागी तीनतीनदा फिरवून बघितलं, तेव्हाच कळलं. बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला आहे, माझ्यासारखाच. तुला जाऊन दोन वर्षं झाली, पण हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी रडले नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, माझ्या वेळी गरोदर असताना आईनं ग्रहणात मासे कापले होते, त्यानं असं होतं का?"

त्या हसल्या नाहीत गो! म्हणाल्या, "ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. एखाद्याचा जुळायचा राहतो. ग्रहणाचा काही संबंध नाही. कितव्या महिन्यात कापले होते?"

सातव्या! आजी जन्मभर तेच ऐकवत राहिली ना, "सातवा होता, तरी ग्रहणात कोयता घेऊन बसली!" आये, माझा ओठ तर केव्हाच तसा झाला होता.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी इतके डॉक्टर भेटले, एकाला तरी का नाही विचारलंस? ते 'हो' म्हणतील, याची भीती वाटली?

मला दूध ओढता यायचं नाही, नाकातून बाहेर यायचं. तू चमच्याचमच्यानं पाजायचीस आणि मग माशांची टोपली घेऊन दादरच्या बाजारात विकायला जायचीस. हेसुद्धा मावशीनं सांगितलं, तू कधीच नाही.

आणि मी? नववीत मुलींनी माझ्या गेंगाण्या बोलण्याची नक्कल केली, तर घरी येऊन तुझ्यावर ओरडले, "तुझ्यामुळेच झालं हे!"

तू म्हणालीस, "हो गो पोरी, माझंच चुकलं." आणि मला जेवायला वाढलंस.

तुझ्या हयातीत ते शब्द मागे घेतले नाहीत मी. आज घेते. उशीर झाला, माहीत आहे.

संध्याकाळी आत्याचा फोन आला, बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "मागच्या ग्रहणात काय करत होतीस तू?"

"ऑफिसात होते, आत्या. माझं काही चुकलं नाही. आईचंही चुकलं नव्हतं."

एवढं बोलून मीच फोन ठेवला.

ऑपरेशनआधीचा माझा एकही फोटो घरात नाही. तू काढूच दिला नाहीस. तुला तो बघवला नसता, हे आता कळतं. या बाळाचा मात्र पहिल्याच दिवशी काढेन, टाके पडायच्या आधी, आहे तसा. आणि तुझ्या फोटोशेजारी लावेन. शब्द देते.

तुझीच,
वैजू