भूगोलाचा फॉर्म

बाबा, तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण हे बोलायला दुसरं कोणी नाही आणि दमलेही आहे. तीन दिवस तुमच्या नातीचा कॉलेजचा फॉर्म भरतोय. आता सायन्स, कॉमर्स, आर्ट्स एवढ्यावर भागत नाही. एक मेजर, एक मायनर, वर भलत्याच शाखेतला आणखी एक विषय. तिनं मेजर तत्त्वज्ञान निवडलं, मायनर संख्याशास्त्र आणि तिसरा खगोलशास्त्राची ओळख. मी म्हटलं, अगं, ही काय भेळ आहे? तर म्हणते, "चालतं गं आता असं. तू चिल कर ना, आई."

मला आपली नायगावची चाळ दिसते. आपल्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांचे फॉर्म बँकेतले काका भरायचे. अक्षर सुरेख, इंग्रजी पक्कं, कुठे खाडाखोड नाही. मला आर्ट्सला जाऊन भूगोल शिकायचा होता. मी तापानं पडले होते, म्हणून तुम्हीच फॉर्म घेऊन काकांकडे गेलात. मिल बंद पडल्यापासून हिंदमाताच्या साडीच्या दुकानात घड्या घालायला जायचात. तिथून सुट्टी काढून कॉलेजच्या रांगेत उभे राहिलात. यादी लागली, तर माझं नाव कॉमर्समध्ये. आर्ट्सच्या जागा तोवर भरल्या होत्या. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही ओट्याशी उभे, माझ्याकडे पाठ, आणि तसेच ओरडता, "नकाशे बघून पोट भरतला काय गो?" आठवड्यानं दुकानाच्या पिशवीतून माझ्यासाठी नकाशांचं पुस्तक आणलंत. मी ते उघडलंसुद्धा नाही. पुढे दोन महिने तुमच्याशी धड बोलले नाही. त्याच कॉमर्सवर नोकरी लागली, ती अजून चालू आहे. वाईट नाही, पण कंटाळा अंगात मुरलाय.

तुमच्या तेराव्यानंतर आई एकदा बोलून गेली. काकांनी सवयीनं कॉमर्स लिहिलं होतं, ते सगळ्यांच्या फॉर्मवर तेच लिहायचे. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून विश्वासानं तसाच देऊन आलात. कळलं तेव्हा लेकीसमोर हे कबूल करायची लाज वाटली आणि ओरडलात. एवढंच सांगितलं असतंत तर मी रागावले असते, पण एखादा दिवस. दोन महिने नाही.

आज दुपारी फॉर्म पाठवायची वेळ आली. मला तर सगळं वाचता येतं, तरी हात पुढे होईना. शेवटी तोंडून निघालंच, "तत्त्वज्ञानानं पोट भरणार आहे का?" तिचा चेहरा पडला. "तीन दिवस बसलीस ना माझ्यासोबत? मग आत्ता काय हे, आई?" मी तिचेच विषय ठेवले आणि बटण दाबलं. मग तिला जवळ घेऊन म्हटलं, काळजी वाटते गं, म्हणून बोलले. तिला ते पटलं. हसून मैत्रिणीला फोन करायला गेली.

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून झालं की फाडून टाकेन. पण तुमच्यापासून लपवायचं नाही. काळजी नव्हती, बाबा. तिला हवं ते मिळतंय याचा मला हेवा वाटला, आणि ते तिला सांगायची मलाही लाज वाटली.