सम्राटाची साखर

६ नोव्हें., गुरु., बिबवेवाडी
पुढच्या शनिवारी ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. विषय शोगूनांचा जपान. टिपणं काढली. सम्राट क्योटोत, मानाने. तलवार आणि कारभार एदोत, शोगूनाकडे. पद मात्र सम्राटाच्या हातूनच घ्यायचं. पुणेकरांना हे समजवायला काय लागतं? वस्त्रं साताऱ्याहून, कारभार पुण्यात.
सुधाने आज चहात मीठ घातलं. प्यायलो.

९ नोव्हें., रवि.
केदार आला. वारज्याच्या वृद्धाश्रमात आईसाठी, म्हणजे सुधासाठी, खोली मिळतेय म्हणे. "अप्पा, तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही देवापुढे साखर ठेवल्याशिवाय काही नाही."
घरची रीत. केदारची नोकरी, लग्न, हा फ्लॅट, सगळ्याला साखर मीच ठेवली.
तेवढ्यात सूनबाईंचा फोन, स्पीकरवर. "आईंच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ?"
म्हणजे ठरलंय.

१५ नोव्हें., शनि.
व्याख्यान बरं झालं. शेखसाहेब, निवृत्त पोस्टमास्तर, विचारतात, "सम्राट नाही म्हणाला असता तर?"
सांगितलं, एकदा म्हणाला. परदेशी जहाजं दारात आली, शोगूनाच्या लोकांनी तहाला संमती मागितली, ह्याने दिली नाही. त्यांनी सह्या केल्याच.
"मग उपयोग काय?"
"पुढे शोगूनशाहीच बुडाली."
टाळ्या.
मला कुणाला बुडवायचं नाही. केदार वाईट नाही. गेल्या आठवड्यात गॅस उघडा राहिला, हे खरं. माझ्याच्याने तिची अंघोळ होत नाही, हेही खरं. पण तिच्याशिवाय मला राहवणार नाही. हे कुणी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही.

१६ नोव्हें., रवि.
सवयीने सकाळी साखरेची वाटी काढली. मग हात आखडला. केदारला फोन केला. "नाही ठेवणार साखर."
तो म्हणाला, "अप्पा, खोली घेतलीय हो. आईला न्यायला निघालोय मी."
वाटी ओट्यावरच राहिली. अंघोळ करून आलो तर वाटी देवापुढे, आणि सुधा हात जोडून उभी. माझं नाव विसरते, हे नाही विसरली.
"अहो, कशाची साखर? काही चांगलं झालं का?"
रडू आलं. तिला वाटलं आनंदाने. चिमूटभर माझ्या हातावर ठेवली, "घ्या, तोंड गोड करा."
खाली केदारचा हॉर्न वाजतोय. साखर अजून डाव्या मुठीत आहे.