संबोधीच्या दोन उत्तरांबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक महोदय,
सेंट मार्सेला इंग्लिश स्कूल, परभणी.

अर्जदार : धम्मदीप आश्रुबा वाव्हळे, लिपिक, रा. पिंगळी, ता. जि. परभणी.

विषय : कु. संबोधी धम्मदीप वाव्हळे हिला ज्युनिअर केजीत प्रवेश नाकारल्याचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या फाटकावर लावलेली दुसरी निवड यादी. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. (पोच मिळाली, उत्तर नाही.)

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. तेथे कोणी 'मी' लिहीत नाही, म्हणून येथेही 'अर्जदार' असेच म्हटले आहे. शिवाय खालील काही मजकूर 'मी' म्हणून लिहायची अर्जदारास लाज वाटते.

१. कचेरीत इंग्रजी पत्र आले की अर्जदाराला ते शेजारच्या टेबलावरून वाचून आणावे लागते. मुलीवर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी धडपड. पंचवीस टक्के मोफत जागांचा नियम आपल्या शाळेला लागू नाही, कारण शाळा अल्पसंख्याकांची आहे. बौद्धही अल्पसंख्याकच आहेत, हे अर्जदाराने आपल्या कार्यालयातील मनिषा मॅडमच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर "तुमचं अल्पसंख्याक येगळं, आमचं येगळं," असा खुलासा मिळाला. सदर खुलासा समजून घेण्याचा प्रयत्न चालू आहे.

२. पहिल्या मुलाखतीआधी अर्जदार व पत्नी रोहिणी यांनी मुलीकडून रंग, फळे, प्राणी सगळे इंग्रजीत घोकून घेतले होते. सिस्टरांनी त्यातले काहीच विचारले नाही. घरी देवाला काय म्हणतेस, एवढेच विचारले. मुलगी म्हणाली, "आमच्यात देव नसतोय. बुद्ध माणूस हुता." हे तिला आजीने, म्हणजे अर्जदाराच्या आई सगुणाबाई यांनी शिकवले आहे, आणि आमच्या घरी ते बरोबर उत्तर आहे. यादीत नाव आले नाही.

३. चौकशी केली असता, प्रार्थनेला येणाऱ्या कुटुंबांचा विचार होतो, चर्चच्या फादरांची चिठ्ठी आणा, पुन्हा मुलाखत घेऊ, असे सांगण्यात आले. सबब संक्रांतीपासून अर्जदार बायको-मुलीसह दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागला. तेथे कोणी वाकडे बोलले नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. मुलगी गाणी शिकली. सगुणाबाईंनी मात्र मुलाशी बोलणे टाकले. टाकण्यापूर्वी एवढेच म्हणाल्या, "छप्पन साली तुझ्या आज्यानं घरचे देव टोपल्यात घालून सोनपेठकडं गोदंत सोडले. त्याला कुणी बदल्यात काय दिलं न्हवतं. अन् तू शाळंसाठी परत देव आणायलास व्हय रं?" पुढच्या रविवारी अर्जदार पुन्हा त्याच मागच्या बाकावर जाऊन बसला.

४. फादरांची चिठ्ठी मिळाली, आणि दुसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. मुलीने हात जोडले, डोळे मिटले आणि स्वर्गातील बापाची प्रार्थना अख्खी म्हणून दाखवली. मग सिस्टरांच्या कानाशी लागून म्हणाली, "देव हाय. पण आजीला सांगू नका." सिस्टर हसल्या, त्यांनी कौतुकाने तिचा गाल ओढला. अर्जदारही हसला. त्या हसण्याची आता त्याला किळस येते.

५. दुसरी यादी लागली, तीतही नाव नाही. चिठ्ठी चालते, पण बाप्तिस्म्याचा दाखला असणाऱ्यांनंतर, आणि उरलेल्या जागा भरल्या, असे मनिषा मॅडमनी सांगितले. भरलेल्यांत किशनराव कंत्राटदारांचा नातू आहे. त्यांनी शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली. त्यांच्या गाडीच्या काचेवर देवाचा फोटो एवढा मोठा आहे, की पुढचा रस्ता त्यांना कसा दिसतो कोण जाणे. त्यांच्या नातवाला सदर प्रश्न विचारला होता काय, आणि त्याने काय उत्तर दिले, याची माहिती मिळावी.

६. काल बुद्धपौर्णिमा झाली. विहारात खीर वाटून झाल्यावर सगुणाबाईंनी नातीला मांडीवर घेतले आणि चार बायांसमोर हौसेने विचारले, "आपल्यात देव असतोय का गं?" मुलीने आधी बापाच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाली, "कोणतं सांगू आजी, घरचं का शाळंचं?" सगुणाबाईंनी तिला खाली ठेवले आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. रोहिणी रडली. मुलीला आपले काय चुकले ते कळले नाही, आणि अर्जदाराला सांगता आले नाही.

तरी विनंती की, मुलीस प्रवेश द्यावा. शाळेचे उत्तर तिला चोख पाठ आहे. घरच्या उत्तरावर तिचा भरवसा राहिलेला नाही, आणि तो खुद्द तिच्या बापाने घालवला आहे. ज्या शाळेपायी घालवला, ती तरी तिला मिळावी.

आपल्या फाटकाबाहेर उभा असलेला नम्र,
(सही)
धम्मदीप आश्रुबा वाव्हळे
पिंगळी, दि. १३ मे २०२५

सोबत :
१) जन्म दाखला.
२) जात प्रमाणपत्र.
३) चर्चच्या फादरांची चिठ्ठी, मूळ प्रत.
४) प्रवेश अर्जावर घरातील ज्येष्ठ व्यक्तीची सही : जोडलेली नाही. आईकडे मागायचे धाडस झाले नाही.