थांबलेल्या गाडीला फोन

बाबा, आपल्या बाहेरच्या खोलीत आता पुण्याचा एक मुलगा भाड्याने राहतो. तुम्ही होता तेव्हा लाटंबार्सेत फोन लागायला काजूच्या टेकडीवर चढावं लागायचं. आता हा खिडकीपाशी लॅपटॉप आणि मोबाईल घेऊन बसतो आणि कुठल्या कुठल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मालट्रकांवर नजर ठेवतो. तो आला तेव्हा आईने मला मस्कतला फोन करून विचारलं, "दीसभर घरांतच बसता रे. आजारी बी आसा काय?" मी म्हटलं, आई, तेच त्याचं काम. "मागीर पगार कोण दिता?" तिला अजून नीट पटलेलं नाही. पण पेज मात्र त्याला रोज देते.

मी इथे हॉटेलच्या चादरी धुतो. वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरी ओढायच्या, इस्त्रीच्या यंत्रात घालायच्या. हे काम मोबाईलवरून होत नाही. सातवीत शाळा सोडली, मग म्हापसा, मग बेळगाव, कुठेच वर्षभर टिकलो नाही. इथे टिकलो, कारण पळायला ताकद उरली नाही. आता त्या मुलाच्या कंपनीला आणखी एक माणूस हवाय. शिक्षणाची अट नाही, मोबाईल पुरे, घरीच बसायचं. नकाशावर गाडी थांबलेली दिसली की ड्रायव्हरला फोन करायचा, का थांबलास, आणि कारण ॲपमध्ये टाकायचं. आई रोज विचारते, "येतलो मरे तू?"

मला तो दिवस आठवतो, तुम्ही शाळा बुडवून मला ट्रकमध्ये बसवलं होतं. सुर्ल्याहून खनिज भरलेलं, पुढे-मागे गाड्यांची रांग, सगळीकडे तांबडी धूळ. तुम्ही गाडी बाजूला घेता, ओहोळात तोंड धुता आणि डबा उघडता. पाव आणि सुक्या बांगड्याची किसमूर. मागचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो, "सासुरवाडी काय रे तुजी हांगा?" तुम्ही घास चावत म्हणता, "होय, सासू बांगडे भाजता. येतलो जेवपाक?" तो हसत पुढे जातो. मी घाबरून विचारतो, मालक रागावला तर? "मालकाक हांगासर दिसना रे. जेव तू."

आता दिसतं, बाबा. सुट्टीच्या दिवशी त्या मुलाने तिकडून लिंक पाठवून माझ्या मोबाईलवर ते ॲप घालून दिलं, शिकून बघ म्हणाला. हुबळीच्या अलीकडे एक गाडी थांबली. फोन लावला. पलीकडे तोंडात घास. "जेवतोय, साहेब." मला जन्मात कोणी साहेब म्हटलेलं नाही. मी म्हटलं, जेव, आणि कारणाच्या जागी पंक्चर टाकलं. थोड्या वेळाने त्या मुलाचा फोन. "दादा, पंक्चर असलं तर फोटो मागवायचा असतो." हसत म्हणाला, पण म्हणाला.

काल आईला हो सांगितलं. ती लगेच खोलीला रंग द्यायच्या गोष्टी करायला लागली. तिला वाटतं मी तिच्यासाठी येतोय. मला फक्त उभं राहायचा कंटाळा आलाय. हे कोणाला सांगायचं म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. कुठल्या पत्त्यावर पाठवणार, इथेच फाडून टाकीन.

आणखी एक. त्या पंक्चरनंतरच्या सुट्टीत परत एक गाडी थांबलेली दिसली. ड्रायव्हर वयस्कर असावा, आवाजावरून. झाडाखाली जरा पाठ टेकलीय, म्हणाला, पाच मिनिटं. मी म्हटलं, काका, उठा. नकाशावर गाडी हलली. मला वाटलं होतं हे फार जड जाईल, बाबा. गेलं नाही.