ताईने खोडलेलं वाक्य

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

तू निवडून आल्यापासून बेकरी चालवणं म्हणजे डोक्याला ताप झालाय. गिऱ्हाईक पाव मागायच्या आधी मला युद्ध समजावून सांगतं. आज सकाळी ते रिटायर्ड पोस्टमास्तर आले. म्हणाले, समुद्रापलीकडच्या त्या राजवटीने विषारी वायूचे गोळे दडवलेत, तपासायला गेलेल्यांना हाकलून दिलंय. आता फौज पाठवून ते काढून घ्यायच्या ठरावाला तुमचा भाऊ मत देणार की शेपूट घालणार? मागून चष्म्यांचा दुकानदार ओरडला, दिलं तर पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ. दोघांच्या भांडणात माझी ट्रेभर बिस्किटं करपली. मी काय संसद आहे? तू काय ते एकदाचं ठरव आणि दुकानाच्या दारावर चिकटवायला लिहून पाठव.

एक चांगली बातमी आहे, पण ती तुझ्या पोटात राहू दे. पोराची बदली मंजूर झाली. पुढच्या महिन्यापासून तो लष्कराच्या प्रशिक्षण शाळेत शिकवणार. जिवंत गोळे निकामी करायचं ते काम आता फळ्यावर करायचं, हाताने नाही. इतकी वर्षं अवेळी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. काल भट्टीसमोर स्टूल टाकून मनसोक्त रडून घेतलं. भट्टीवाले काका घाबरले, त्यांना वाटलं कुणी गेलं.

भाषण लिहिलंस की नेहमीप्रमाणे आधी माझ्याकडे पाठव. माझ्या पेन्सिलीशिवाय बोललास की काय होतं, ते पाणीपट्टीच्या वेळी गावाने पाहिलंय.

लोभ आहेच, तो वाढवायची सध्या ताकद नाही.
तुझी ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी वाचून जीव भांड्यात पडला. कुणाजवळ बोलणार नाही.

मी ठरावाच्या बाजूने मत देणार आहे. यावर चेष्टा करू नकोस, मी हे हौसेने करत नाही. समितीच्या खोलीत आम्हाला फोटो दाखवले. त्या राजवटीने स्वतःच्याच एका गावावर वायू सोडला होता. माणसं दारातच पडलेली, एकीच्या हातात अजून बादली होती. मुदती देऊन झाल्या, बोलणी झाली, त्यांनी सगळं हसण्यावारी नेलं. कधीतरी कुणीतरी ते गोळे त्यांच्या हातून काढून घेतलेच पाहिजेत. पण इथे निम्मं सभागृह तळ्यात-मळ्यात करतंय. रोज एकेकाला चहा पाजून समजावतो, आणि संध्याकाळी तो विरोधकांचा चहा पिऊन पुन्हा कोरा होतो. जाम वैतागलोय.

भाषण सोबत आहे. पेन्सिल जरा मायेने चालव. मागच्या वेळी तू फक्त ‘अध्यक्ष महोदय’ शिल्लक ठेवलं होतंस.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
ढब्बू


१० फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

भाषण परत पाठवतेय. ‘इतिहासाच्या उंबरठ्यावर’ खोडलं. तिथे तू दर अधिवेशनाला उभाच असतोस. फोटोंचा भाग तसाच ठेवलाय. गोळे काढून घ्यायला हवेत हे मलाही पटतं, मी काही दगड नाही. तू मत कुठे द्यायचंस ते तुझं तू बघ, त्यात माझी आडकाठी नाही.

पण शेवटच्या पानावर हे काय लिहिलंस? ‘माझ्या सख्ख्या बहिणीचा एकुलता एक मुलगा पहिल्या तुकडीत असेल, आणि ती बहीण मला म्हणाली, जाऊ दे त्याला.’ कधी म्हणाले रे मी? पोरगा शाळेत चाललाय, हे तुला आता माहीत आहे. भाषण माझ्या पत्राच्या आधीचं असेल, असं समजून सोडून देते. पण तो जाणार असता, तरी हे वाक्य तुझं नव्हतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच. उजेडात धरलं तरी वाचता येणार नाही, इतकं गिरगटून खोडलंय. माझ्या पोराला सभागृहात न्यायचं नाही.

कळावे, आणि या वेळी खरंच कळावे.
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बरोबर आहे. ते जुन्या मसुद्यातलं वाक्य, काढायचं राहून गेलं. आता भाषणात ना तू, ना भाचा. शब्द देतो. मतदान परवा आहे. घसा बसलाय, गुळण्या करतोय.

घाईत, पण तुझाच,
ढब्बू


१५ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही. मोठी आहे म्हणून देते, घे.

सकाळी वर्तमानपत्र उघडलं. पहिल्या पानावर तू, हात वर, तोंड उघडं. खाली ठळक अक्षरांत, ‘जाऊ दे त्याला, बहीण म्हणाली’. मी खोडलेलं वाक्य, जसंच्या तसं! उचलली जीभ लावली टाळ्याला. शब्द देऊन तीन दिवस झाले नव्हते.

पोस्टमास्तरांनी भर दुकानात मला हात जोडले. चष्मेवाल्याने पाव घेतलाच नाही. म्हणाला, तुम्हाला आई म्हणायचं की काय म्हणायचं? आता मी कुणाकुणाला सांगू, की मी असं बोलले नाही? सांगितलं तर सख्खा भाऊ खोटा पडतो. नाही सांगितलं तर मी पोटच्या पोराला लोटणारी ठरते. दोन्हीकडून मार मलाच. आणि भट्टीवाले काका, ज्यांना बदलीचं ठाऊक आहे, ते माझ्याकडे असे बघतात जणू मीच काहीतरी लपवलंय.

ठराव नऊ मतांनी पास झाला म्हणे. अभिनंदन तुझं तू करून घे.
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाषण तू खोडलंस तसंच सुरू केलं होतं, तुझी शपथ. अर्ध्यावर आलो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘तुमच्या घरचं कोण जाणार आहे?’ सगळे हसले. ताई, मला काय झालं कळलं नाही. ते वाक्य तोंडातून निघून गेलं. नंतर दोघातिघांनी हात धरून सांगितलं, की आता आमचं मन घट्ट झालं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटलं. आता वाटत नाही.

पण बघ, नुकसान तर काही झालं नाही ना? भाचा शाळेत जाणारच आहे. लोक चार दिवस बोलतील, मग विसरतील. पुढच्या महिन्यात येतो, तेव्हा समोर बसवून हव्या तेवढ्या शिव्या दे.

माफी मागणारा,
ढब्बू


२३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं भाषण आम्ही तुकडीतल्या सगळ्यांनी मेसमध्ये बसून ऐकलं. मी शाळेत जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, निरोपाचा फोटोही काढून झाला होता. तुमचं ते वाक्य आलं आणि कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझ्या जागी जो जाणार होता, त्याला मी काम समजावून देत होतो. तो मान खाली घालून लिहून घेत होता. मध्येच म्हणाला, ‘तुमच्या आई फार धीराच्या आहेत.’ त्यानंतर मला पुढचं समजावता येईना. मी उठलो, साहेबांकडे गेलो आणि बदली परत केली. पहिल्या तुकडीबरोबर निघतोय.

मामा, मी रागावलेलो नाही. काम मला येतं, आणि ते करायलाच हवं असं मलाही वाटतं. पण तुमच्या त्या वाक्यावर ज्यांनी मत दिलं, त्यांच्याही घरी पोरं आहेत. ते वाक्य खोटं राहून कसं चालेल? आईला सांगितलंय, की वरून हुकूम आला. कृपा करून ते तसंच राहू द्या. तिला खरं कळलं तर ती तुमच्याशी जन्मात बोलणार नाही, आणि मी नसताना तिला तुमच्याशिवाय आहे कोण?

तब्येतीला जपा. आशीर्वाद मागायला नको, तो असतोच.
आपला भाचा


२७ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

पोराची बदली रद्द झाली. वरून हुकूम आलाय म्हणतो. कुणाचा म्हणून विचारलं, तर फोनवर जेवलीस का, गुडघा कसा आहे, असली उडवाउडवी. मग मी छावणीच्या कचेरीत फोन लावला. त्यांनी दुसरीकडे जोडून दिला, दुसऱ्यांनी तिसरीकडे, तिसऱ्यांनी पुन्हा पहिल्याकडे. शेवटी एक बाई म्हणाली, लेखी अर्ज करा. नुसती टोलवाटोलवी! पीठ तसंच पडून होतं, काकांनी शेवटी मला हाताला धरून फोनपासून उठवलं.

आजवर तुझ्याकडे एक काम आणलं नाही. हे आणतेय. तुला मोठमोठ्यांची दारं उघडतात. ज्याने हा हुकूम दिला, त्याचं नाव मला काढून दे. हुद्दा नको, नाव. मी पिठाच्या हातांनी जाऊन त्याच्या दारात उभी राहीन आणि विचारीन, की माझ्या पोराचं ठरलेलं मोडायचा तुला काय अधिकार होता?

उत्तर लगेच पाठव.
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नाव मागितलंस. दोन पत्रं लिहून फाडली. एकात संरक्षण खात्यावर ढकललं होतं, दुसऱ्यात कुठल्याशा मेजरवर. दोन्ही पत्रं फार छान उतरली होती, त्याचीच मला भीती वाटली.

हुकूम वरून आलेला नाही. पोराने बदली स्वतः परत केली, त्याच्या मामाचं वाक्य खोटं पडू नये म्हणून. तुला सांगू नका असं त्याने मला लिहिलंय. तोही शब्द आज मोडतोय. खात्यात जाऊन हातापाया पडून आलो. ते म्हणतात, त्याने स्वतः मागितलं तरच बदली परत मिळेल. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मामा, आता राहू द्या.’

नाव माझं आहे, ताई. दार उघडं आहे. केव्हाही येऊन उभी राहा.

काय लिहून सही करू, कळत नाही.
ढब्बू


५ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ठाऊक होतं. पोरगा ‘वरून हुकूम’ म्हणाला, तेव्हाच ओळखलं. कचेरीत फोन लावत बसले, ते माझा अंदाज चुकीचा निघावा म्हणून. लहानपणी बरणी फोडून मांजरावर ढकलायचा, तेव्हा हाच आवाज काढायचा. तुला नाव विचारलं ते माहीत करून घ्यायला नाही. माझा भाऊ थोडाफार शिल्लक आहे, की सगळाच्या सगळा खासदार झालाय, एवढं बघायचं होतं.

म्हणून राग गेला असं समजू नकोस. गोळे तिथे आहेत हे खरं, ते काढायला कुणाचा तरी पोरगा जाणार हेही खरं. पण मी न बोललेलं वाक्य अजून रोज कुणीतरी मला म्हणून दाखवतं, आणि मी मुकाट्याने पाव बांधून देते. ते तुला मी कधी माफ करीन, मला सांगता येत नाही.

तो शनिवारी येतोय, रविवारी दुपारच्या गाडीने जाईल. तूही ये. जेवायला बस. नेहमीसारखा माझ्याशी भांड, मीही भांडेन. वरून हुकूम देणाऱ्यांना आपण दोघं मिळून त्याच्यासमोर शिव्या घालू. तोंड पाडून बसायचं नाही, आणि त्याच्याकडे बघून डोळे पुसायचे नाहीत. आईला यातलं काही म्हणजे काही कळलेलं नाही, असं त्याला वाटलं पाहिजे. तेवढं समाधान तरी बरोबर घेऊन जाऊ दे त्याला.

लोभाचं म्हणशील, तर पोरगा परत आल्यावर बघू.
ताई