डाव्या दाराचा आवाज

मंगळवार, ४ मार्च

डाव्या दाराचा स्पीकर गेला. कामावर जाताना पुलाच्या अलीकडे दोनदा खरखरला आणि गप्प झाला. गाडी जुनी. स्पीकर दोनच – एक माझ्या दारात, एक बाजूच्या. बाजूची जागा रिकामीच असते, त्यामुळे कुणाची गैरसोय नाही.

गाडीत वाजतं ते एकच – आमच्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग. पाच वर्षांपूर्वी एक जण येऊन करून गेला होता. दोन माइक लावले होते, उजवीकडचा माझ्यासमोर, डावीकडचा धाकट्या भावासमोर. त्यामुळे उजव्या दारातून मी ऐकू येतो, डाव्यातून तो. आज नुसता मी. एकट्याचा आवाज बरा वाटला, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ५ मार्च

ही म्हणाली, "भावजींकडे न्या ना गाडी. अख्खं गाव वायरिंगसाठी त्यांच्याकडे जातं."

बघू म्हणालो.

"तुमचं बघू म्हणजे नाही. चोवीस वर्षांत तेवढं कळलंय मला."

धाकट्याचं गॅरेज घरापासून दहा मिनिटांवर आहे. माझ्या गाडीतली सगळी जोडणी त्याच्याच हातची. पण तीन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. भांडण असं नाही. रस्त्यात समोर आला तर मान हलवतो. मीही हलवतो. तेवढंच.

गुरुवार, ६ मार्च

संध्याकाळी प्रार्थनेला गेलो. प्रार्थना मंडळाचे काका आता पंचाऐंशीचे आहेत, पण टेबलावर बोटांनी ठोका अजून तेच देतात. त्यावर मी म्हणायचं, बाकीचे ऐकतात.

उठताना त्यांनी थांबवलं. "नवी खोली तयार होतेय. महिनाअखेरच्या रविवारी पहिली प्रार्थना. पण खोली मोठी आहे रे, तुझ्या एकट्याचा आवाज पुरायचा नाही. धाकट्याला आणतोस?"

"तो येणार नाही, काका."

"येतो का ते त्याला विचारीन. तुला विचारतोय, आणतोस का?"

चपला घालून निघालो. इथे लिहून ठेवतो काय झालं होतं ते.

गावच्या शाळेत आम्हाला एकच खोली होती, चार वर्ग तिच्यात. सकाळच्या प्रार्थनेला गुरुजींनी मला पुढे उभं केलं, आवाज मोठा म्हणून. धाकटा माझ्या मागे. नंतर मंडळातही तेच, मी पुढे म्हणायचं आणि त्याने साथ द्यायची. तीस-पस्तीस वर्षं. मग तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी, सगळे बसलेले असताना, मी त्याला म्हणालो, "तुझा ताल सुटतो. मला मागे ओढतोस." रागाने म्हणालो नव्हतो. पंपघरात नोकरी, दिवसभर पाण्याच्या तीन मोटारी ऐकतो मी. कुठलं बेअरिंग जाणार ते मीटरच्या आधी माझ्या कानाला कळतं. चूक ऐकू आली की सांगायची, ही सवयच लागलेली.

त्याने पुस्तक मिटलं. कपाटात ठेवलं. चपला घातल्या. पुढच्या गुरुवारी आला नाही, तो आजतागायत.

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. नवा स्पीकर आणला आणि दार स्वतःच उघडायला घेतलं. स्क्रू चार, एक हँडलच्या वाटीत लपलेला. मग आतलं प्लास्टिकचं आवरण ओढायचं. ते नऊ क्लिपांवर बसतं. त्यातल्या चार मी मोडल्या. प्रत्येक वेळी कट्ट असा आवाज झाला की ही खिडकीतून विचारायची, "हा चांगला आवाज की वाईट?"

जुना स्पीकर काढला, नवा बसवला, वायर जोडली. टेप लावला. उजवीकडून मी. डावीकडे शुकशुकाट!

दुकानदाराने खराब माल दिला, दुसरं काय.

रविवार, ९ मार्च

दुकानात दोन्ही स्पीकर घेऊन गेलो. जरा मोठ्याने बोललो असेन. दुकानदार शांत माणूस. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, दोन तारा लावल्या आणि नव्या स्पीकरला टेकवल्या. खर्र वाजलं. मग माझ्या जुन्याला टेकवल्या. तोही खर्र.

"दोन्ही चांगले आहेत. जुना तर नव्यापेक्षा चांगला. तुम्ही उगाच त्याला काढलंत. त्याच्यापर्यंत काही पोचतच नसेल, तर तो बोलणार काय?"

नवा परत घेतला त्याने. घड्याळात सेल घातला आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ लावली.

मंगळवार, ११ मार्च

आठवडा झाला, जाता-येता फक्त माझा आवाज ऐकतोय. आज रेल्वेच्या फाटकापाशी बराच वेळ थांबावं लागलं. इंजिन बंद केलं. रेकॉर्डिंगमध्ये मागे काकांच्या बोटांचा ठोका ऐकू आला, बारीक, पण स्पष्ट. इतके दिवस कधी लक्ष दिलं नव्हतं. दोन आवाजांत तो झाकून जात असणार.

तिसऱ्या कडव्यापासून मी ठोक्याच्या पुढे आहे. ठोका पडायच्या आतच माझा शब्द आलेला असतो. चौथ्यात आणखी पुढे.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. फाटक केव्हाच उघडलं होतं.

बुधवार, १२ मार्च

पुन्हा ऐकलं. स्टिअरिंगवर बोट आपटत. तेच.

गुरुवार, १३ मार्च

प्रार्थनेत आज स्वतःला धरून म्हटलं. प्रत्येक शब्दाला ठोक्याची वाट पाहिली. फार कठीण गेलं. उतारावर ब्रेक दाबून गाडी नेतात तसं. चौथ्या कडव्याला काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

नंतर म्हणाले, "आज घाई नव्हती वाटतं."

मी विचारलं, "काका, मी पुढे पळतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"धाकटा सांभाळून घेत होता, तोवर बोलायची वेळ आली नाही. तो गेला आणि तू एकटा उरलास. एकट्याला पुढे काय नि मागे काय!"

घरी येऊन हात-पाय धुतले, देवापुढे बसलो. मागायला काही सुचलं नाही. बसून राहिलो नुसता.

शनिवार, १५ मार्च

हिला घेऊन बाजारात गेलो होतो. जुना स्पीकर पुन्हा दारात घातलाय, आवरण उरलेल्या पाच क्लिपांवर लटकतंय. परतताना रेकॉर्डिंग चालू होतं. घरापाशी हिने उतरायला दार उघडलं आणि दारातून एकदम धाकट्याचा आवाज आला. अर्धी ओळ. हिच्या हातातली पिशवी सुटली.

"अगबाई, भावजी!"

दार लावलं, गप्प. उघडलं, पुन्हा तो. आम्ही पाच-सहा वेळा केलं. शेजारीण गॅलरीतून पाहत होती, तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

म्हणजे बिघाड स्पीकरात नाही, बिजागरीपाशी आहे. तिथे रबराच्या नळीतून वायर दारात जाते. दार उघडून-मिटून ती आत तुटली असणार.

ही बटाटे गोळा करत म्हणाली, "आता तरी नेणार का गाडी? की मी रस्ताभर दार उघडं धरून बसू?"

रविवार, १६ मार्च

नेली.

धाकटा एका गाडीखाली होता. पाय दिसत होते. मी उभा राहिलो. तो बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"काय झालं?"

"डावा स्पीकर."

त्याने दार उघडलं, आवरणाला नुसता हात लावला आणि ते त्याच्या हातात आलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"वाटलंच." तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

बिजागरीपाशी बसला. रबरी नळी मागे सारली, वायर बोटांवर घेतली. तुटलेलं टोक लगेच सापडलं. "उघड-मीट करून तुटते. कुणाची चूक नसते यात." टोकं सोलली, मध्ये नवा तुकडा घातला, सोल्डरची झाळ लावली, वर टेप गुंडाळली. टेप मीच धरून उभा होतो. मग नव्या क्लिपा लावून आवरण बसवलं. बोलणं काही नाही, फक्त "हे धर", "इकडे दे".

तपासायला त्याने आवाज पूर्ण डावीकडे फिरवला. उजवं दार बंद झालं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्याला एकट्याला ऐकलं. पहिली दोन कडवी काकांच्या ठोक्यावर, अगदी नेमका. तिसऱ्यात किंचित अडखळतो – आणि ठोका सोडून पुढे येतो. तिथे मी होतो. मी पळालो की तो ठोका सोडायचा आणि माझ्यापाशी यायचा. तिथून पुढे प्रत्येक कडव्यात. त्यालाच मी ताल सुटणं म्हणालो होतो.

मी म्हणालो, "चूक माझी होती. तुझा ताल सुटत नव्हता. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, सगळ्यांसमोर परत घेईन."

तो फडक्याने बोटं पुसत होता. एकेक बोट. "वाजतंय ना आता?"

"वाजतंय."

"मग झालं."

निघताना सांगितलं, काकांनी बोलावलंय, महिनाअखेरच्या रविवारी, नव्या खोलीत.

"बघू," म्हणाला.

हिला घरी येऊन सगळं सांगितलं. शेवटचा शब्द ऐकून ती स्वयंपाकघरात गेली. बघूचा अर्थ आमच्या घरात काय होतो, ते ठाऊक आहे दोघांना.

मंगळवार, १८ मार्च

दोन्ही दारं वाजतात. आता ऐकताना त्याच्याच बाजूला कान जातो. पंपघरात दोन नंबरच्या मोटारीचा आवाज बदलल्यासारखा वाटला. नोंदवहीत लिहिण्याआधी दुसऱ्यालाही ऐकायला सांगितलं.

गुरुवार, २० मार्च

प्रार्थनेआधी उभा राहून मंडळाला सांगितलं, त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं होतं, पुढे मी पळत होतो. एक जण पाणी प्याला. काकांनी ठोका सुरू केला.

तो आला नव्हता.

गुरुवार, २७ मार्च

आजही नाही. काका म्हणाले, "सांगितलंस ना? मग आता दाराकडे बघत म्हणू नकोस."

शनिवार, २९ मार्च

उद्या नवी खोली. एकट्याने म्हणायची तयारी ठेवली आहे. सावकाश म्हणेन. देवाला घाई नसावी.

रविवार, ३० मार्च

सकाळी खाली हॉर्न वाजला. धाकटा त्याच्या गाडीत. "दादा, चल. उशीर होतोय." मी बाजूला बसलो.

गाडी सुरू झाली तसं रेकॉर्डिंगही सुरू झालं. तेच. उजव्या दारातून, त्याच्या बाजूने, मी एकटा म्हणत होतो. माझ्याकडचं दार मुकं.

"तुझाही डावा गेला?"

"नाही. ठणठणीत आहे. मीच बंद ठेवलाय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. माझा आवाज माहितीये मला."

तिसरं कडवं आलं. त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. काकांच्या ठोक्यावर नाही. माझ्याबरोबर.